वीस किलोहर्ट्झच्या परिसरात: अतिनिम्न वारंवारतेच्या तरंगप्रसाराचे प्रयोग टप्प्याटप्प्याने

३ ते ३० किलोहर्ट्झ या पट्ट्यातील रेडिओ तरंग टिपण्यासाठी मोठे यंत्र लागत नाही. तारेचे काही वेढे, एक छोटा ॲम्प्लिफायर आणि संगणकाचे साउंड कार्ड एवढ्या सामग्रीवर काम सुरू होते. खरे कष्ट पडतात ते दोन ठिकाणी: घरातील विजेच्या उपकरणांचा गोंगाट ओळखून दूर सारण्यात, आणि आपल्या ठिकाणचा एक सामान्य, शांत दिवस नेमका कसा दिसतो हे अनेक दिवसांच्या नोंदींवरून ठरवण्यात. ज्याने हा शांत दिवस ओळखला नाही, त्याला आलेखातील प्रत्येक उंचवटा सौरज्वालेचा वाटतो. या लेखातील क्रम त्यामुळे मुद्दाम असा ठेवला आहे की प्रक्षेपणाचा विषय शेवटी येतो आणि ऐकणे, मोजणे व नोंदणे या गोष्टींना त्याआधी भरपूर जागा मिळते.

तरंग जातात कसे

२० किलोहर्ट्झच्या तरंगाची लांबी १५ किलोमीटर असते. जमीन आणि आयनांबराचा (वातावरणाच्या विद्युतभारित वरच्या भागाचा) सर्वांत खालचा डी स्तर यांच्यामधली पोकळी दिवसा साधारण ७० किलोमीटर आणि रात्री ८५ ते ९० किलोमीटर उंचीची असते, म्हणजे या तरंगांच्या दृष्टीने ती काही तरंगलांब्यांएवढीच उंच ठरते. जमीन हा तिचा तळ आणि डी स्तर हे तिचे छत. या दोहोंमध्ये कोंडलेला तरंग नळीतून गेल्यासारखा हजारो किलोमीटर जातो आणि वाटेत फारच थोडा क्षीण होतो. म्हणूनच पाणबुड्यांशी संपर्क ठेवणारी नौदलांची केंद्रे हा पट्टा वापरतात. समुद्राच्या पाण्यातही या तरंगांचा काही मीटरपर्यंत शिरकाव होतो.

आपल्या प्रयोगाचा विषय आहे ते छत. दिवसा सूर्याच्या १२१.६ नॅनोमीटरच्या अतिनील किरणांमुळे डी स्तरातील नायट्रिक ऑक्साइडचे आयनीभवन होत राहते आणि छत खाली येते. सूर्य मावळला की हा स्तर जवळजवळ विरून जातो आणि परावर्तनाची उंची वाढते. सौरज्वाला भडकली की क्ष-किरणांचा मारा त्याच स्तरात आणखी आयनीभवन घडवतो, तेव्हा छत काही मिनिटांत आणखी खाली दबते आणि त्याची कडा अधिक रेखीव होते. छताची उंची बदलली की आपल्याकडे पोहोचणाऱ्या तरंगाचा आयाम (त्याची ताकद) आणि त्याची फेज (आंदोलनातील त्याचा टप्पा), दोन्ही बदलतात. दूरचे केंद्र एकसारख्या शक्तीने अखंड प्रक्षेपण करत असेल, तर आपल्या आलेखात दिसणारा बदल हा वाटेतल्या आकाशाचा बदल असतो. हवामानाच्या फुग्यांना ही उंची गाठता येत नाही आणि उपग्रह तेथे टिकत नाहीत. त्या थराची खबर घरबसल्या मिळते याचे मला आजही अप्रूप वाटते.

कोणते केंद्र निवडावे

जगात अशी बरीच केंद्रे आहेत. अमेरिकेच्या मेन राज्यातील कटलर येथील एनएए २४.० किलोहर्ट्झवर, वॉशिंग्टन राज्यातील जिम क्रीक येथील एनएलके २४.८ वर, हवाईतील एनपीएम २१.४ वर, ऑस्ट्रेलियाच्या एक्समाउथ येथील एनडब्ल्यूसी १९.८ वर, ब्रिटनमधील ॲन्थॉर्नचे जीबीझेड १९.५८ वर आणि स्केल्टनचे जीक्यूडी २२.१ वर, जर्मनीतील ऱ्हाउडरफेनचे डीएचओ३८ २३.४ वर, जपानमधील एबिनोचे जेजेआय २२.२ वर आणि भारतातील विजयनारायणम् येथील व्हीटीएक्स १८.२ किलोहर्ट्झवर ऐकू येते. सुरुवातीला यांपैकी दोन किंवा तीन निवडावीत: एक ५०० ते २,००० किलोमीटरवरचे, एक त्याहून खूप दूरचे, आणि शक्य असल्यास एक साधारण उत्तर-दक्षिण मार्गावरचे. पूर्व-पश्चिम मार्गावर सूर्योदयाची सीमारेषा वाट ओलांडायला बराच वेळ घेते, तर उत्तर-दक्षिण मार्गावर जवळजवळ सगळी वाट एकदमच उजळते. एकाच ठिकाणी घेतलेले असे दोन मार्गांचे आलेख शेजारी ठेवून पाहिले की सीमारेषेचे काम जसे लक्षात येते, तसे नुसत्या वाचनाने येत नाही.

अगदी जवळचे केंद्र टाळावे. काहीशे किलोमीटरच्या आत जमिनीलगत येणारा तरंग इतका प्रबळ असतो की आकाशातून परावर्तित होऊन आलेल्या भागाचा बदल त्यात झाकला जातो.

लूप अँटेना

एक मीटर बाजूची लाकडी किंवा पीव्हीसी नळ्यांची चौकट घ्यावी. धातूची बंद चौकट चालत नाही, कारण ती स्वतःच एक वेढा बनते आणि सिग्नल खाते. चौकटीवर ०.५ मिलिमीटर व्यासाच्या इन्सुलेशन असलेल्या तारेचे ५० वेढे घालावेत. त्यासाठी २०० मीटर तार लागते, तिचा रोध १७ ते १८ ओहम भरतो आणि सगळे वेढे एका जुडीत ठेवल्यास प्रेरकत्व ७ ते ८ मिलिहेन्रीच्या आसपास येते. वेढे आणखी वाढवण्याचा मोह होतो, पण वेढ्यांबरोबर तारेची स्वतःची धारिताही वाढते आणि लूपचा नैसर्गिक अनुनाद आपल्याच पट्ट्यात येऊन बसतो.

या लूपमध्ये किती विभव निर्माण होते ते एकदा हाताने मोजून पाहावे. लूपची परिणामी उंची म्हणजे २π गुणिले वेढ्यांची संख्या गुणिले क्षेत्रफळ, भागिले तरंगलांबी. ५० वेढे, १ चौरस मीटर आणि १५,००० मीटर या आकड्यांवरून ती सुमारे २.१ सेंटीमीटर येते. २०० मीटर तार गुंडाळून आपण जणू दोन सेंटीमीटरची काडी हवेत उभी केली आहे. दर मीटरला १ मिलिव्होल्ट एवढे क्षेत्र असेल तर लूपच्या टोकांवर २१ मायक्रोव्होल्ट मिळतात. आकडा लहान दिसतो, परंतु एनई५५३४ सारख्या कमी गोंगाटाच्या ऑप-ॲम्पचा स्वतःचा गोंगाट २०० हर्ट्झच्या पट्ट्यात एक दशांश मायक्रोव्होल्टहूनही कमी असतो, त्यामुळे शंभरपट वर्धन करणारा एक टप्पा पुरतो. तो लूपच्या बुडाशीच, पत्र्याच्या डबीत, बॅटरीवर चालवावा आणि तेथून संगणकापर्यंत आवरण असलेली पीळदार जोडतार न्यावी.

लूपला कपॅसिटर लावून एका केंद्रावर ट्यून करावे की नाही, यावर हॅम मंडळींत, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांत, मतभेद आहेत. साधारण ८ नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावला की २० किलोहर्ट्झवर अनुनाद मिळतो आणि सिग्नल चांगलाच उसळतो. तरीही दीर्घकालीन मोजणीसाठी मी ट्यून केलेला लूप वापरत नाही. तीव्र अनुनादाचा लूप उन्हात तापला की त्याचा अनुनाद थोडासा सरकतो, आयाम बदलतो, आणि हा बदल नेमका सूर्याच्याच चालीने होत असल्यामुळे तो डी स्तराचा दैनिक बदल म्हणून सहज खपून जातो. लूप ट्यून करायचाच असेल तर त्याच्या टोकांमध्ये काही किलोओहमचा रोध जोडून अनुनाद बोथट करावा. लूप घराबाहेर असेल तर गडगडाटी वादळात तो संगणकापासून काढून ठेवावा.

साउंड कार्ड आणि त्याच्या खोडी

४८ किलोहर्ट्झच्या नमुना दराने २४ किलोहर्ट्झच्या खालचेच सिग्नल पकडता येतात आणि प्रत्यक्षात कार्डातील गाळणीमुळे २२ च्या पुढे भरवसा नसतो. ९६ किंवा १९२ किलोहर्ट्झचे कार्ड घेणे त्यामुळे हिताचे. मात्र वेष्टनावर ९६ लिहिले आहे एवढ्यावर विसंबू नये, कारण काही कार्डे वेगाने नमुने घेतात आणि तरीही २० किलोहर्ट्झच्या वरचे सगळे आतच कापून टाकतात. ॲम्प्लिफायर जोडून वर्णपट, म्हणजे कोणत्या वारंवारतेवर किती ऊर्जा आहे याचा आलेख, पाहावा. गोंगाटाची पातळी २० किलोहर्ट्झला कड्यावरून पडल्यासारखी खाली जात असेल तर ते कार्ड या कामाचे नाही.

जोडणी लाइन-इनला करावी, मायक्रोफोनच्या खाचेत नव्हे. आवाज आपोआप कमीजास्त करणारी, गोंगाट दाबणारी, बोलणे स्पष्ट करणारी सर्व सोय संगणकाच्या सेटिंगमध्ये जाऊन बंद करावी. यातली एखादी जरी चालू राहिली तरी आयामाच्या मोजणीला अर्थ उरत नाही. ॲम्प्लिफायर आणि संगणक यांच्यामध्ये एकास एक गुणोत्तराचा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर घालावा, म्हणजे जमिनीच्या जोडणीतून फिरणारा विद्युत प्रवाह तुटतो. विजेच्या मेनच्या गुणित वारंवारतांचा जो दाट कंगवा वर्णपटात दिसतो, तो बऱ्याचदा या एका ट्रान्सफॉर्मरने निम्मा होतो.

गोंगाट शोधणे

हा टप्पा सर्वांत जास्त वेळ मागतो आणि तो द्यावाच. लॅपटॉप बॅटरीवर चालवून, लूप हातात धरून, वॉटरफॉलवर, म्हणजे वेळेनुसार सरकत जाणाऱ्या वर्णपटाच्या चित्रावर, नजर ठेवून घरभर आणि घराबाहेर फिरावे. नौदलाचे केंद्र वॉटरफॉलवर एकसारख्या, सरळ, शे-दीडशे हर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यासारखे दिसते, कारण ही केंद्रे दर सेकंदाला सहसा २०० बिट पाठवतात. घरगुती गोंगाट वेगळा ओळखू येतो. स्विच-मोड चार्जरची रेषा जाडसर असते आणि भार बदलला की नागमोडी सरकते; सौर पॅनेलचा इन्व्हर्टर ऊन असेपर्यंतच दिसतो; विजेच्या मेनच्या रेषा ठरावीक अंतरावर मोजून ठेवल्यासारख्या उभ्या असतात. घरातला मुख्य स्विच बंद करून पाच मिनिटांची नोंद घ्यावी, मग एकेक सर्किट चालू करत जावे. कोणती वस्तू कोणत्या वारंवारतेवर काय करते याची वही ठेवावी, ती पुढे वारंवार उघडावी लागते.

लूप कसा वळवावा याविषयी एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. लूपचे प्रतल केंद्राच्या दिशेने असताना सिग्नल सर्वाधिक मिळतो, पण हे शिखर फार बोथट असते. ४५ अंश चुकले तरी सिग्नल ०.७ पटच होतो. याउलट प्रतलाला काटकोनातली शून्य दिशा अतिशय तीक्ष्ण असते आणि तेथे चार-पाच अंशांनीही मोठा फरक पडतो. म्हणून लूप केंद्राकडे तंतोतंत रोखण्यापेक्षा घरातला सर्वांत त्रासदायक गोंगाट शून्य दिशेत येईल असा वळवणे फायद्याचे असते. केंद्राची दिशा नकाशावर पट्टी ठेवून काढू नये, पृथ्वीच्या गोलावरील सर्वांत जवळच्या मार्गाने काढावी. लांबच्या केंद्रांसाठी या दोहोंत पुष्कळ अंतर पडते.

माझ्या पहिल्या नोंदींमध्ये रोज पहाटे एक स्वच्छ खळगा येत असे आणि तो सूर्योदयाचा परिणाम आहे असे मी तीन आठवडे धरून चाललो. मग सगळे आलेख एकाखाली एक लावले, तेव्हा दिसले की सूर्योदय एव्हाना कित्येक मिनिटे सरकला होता, खळगा मात्र घड्याळाच्या त्याच मिनिटाला होता. तो टायमरवर चालणाऱ्या एका पंपाचा होता. तेव्हापासून कोणत्याही दैनिक खुणेला मी हीच कसोटी लावतो: खूण सूर्याबरोबर सरकत असेल तर ती आकाशातली, घड्याळाला बांधलेली असेल तर ती माणसाने निर्माण केलेली.

नोंदणी

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सुपरसिड प्रकल्पाचा प्रोग्राम किंवा स्पेक्ट्रम लॅब, यांपैकी काहीही चालेल. निवडलेल्या प्रत्येक केंद्राच्या मध्य वारंवारतेभोवती १५० ते २०० हर्ट्झ रुंदीची ऊर्जा दर ५ सेकंदांनी नोंदवावी. दिवसाला १७,२८० नोंदी होतात आणि साध्या मजकुराच्या फाइलमध्ये त्या सहज मावतात. याशिवाय एक रिकामा पट्टाही अवश्य नोंदवावा, म्हणजे जेथे कोणतेही केंद्र नाही अशी वारंवारता. केंद्राच्या आलेखातला उंचवटा रिकाम्या पट्ट्यातही त्याच क्षणी आला असेल तर तो गोंगाट आहे. ही एक जास्तीची ओळ पुढच्या निम्म्या शंका मिटवते.

वेळ फक्त यूटीसीमध्ये (आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेत) लिहावी आणि संगणकाचे घड्याळ इंटरनेटवरील वेळ-सर्व्हरशी जुळवून ठेवावे. जवळपासच्या विजांचे तडाखे एखाद्या नोंदीला एकदम उंच फेकतात, तेव्हा साध्या सरासरीऐवजी मिनिटभराच्या बारा नोंदींचा मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारे मूल्य) घ्यावा. एक-दोन तडाख्यांनी मध्यक हलत नाही.

केंद्रे देखभालीसाठी अधूनमधून बंद होतात. आलेख तेव्हा काठावरून कापल्यासारखा सरळ खाली येतो आणि परत तसाच सरळ वर जातो. नवशिक्यांना ही नोंदीतली उणीव वाटते, परंतु त्या वारंवारतेवरचा गोंगाट नेमका किती आहे हे कळण्याची तीच वेळ असते. बंद केंद्राची पातळी आणि चालू केंद्राची पातळी यांच्यातले अंतर १० डेसिबलपेक्षा कमी असेल तर लूपची जागा बदलण्याचा विचार करावा.

शांत दिवसाचा आलेख वाचणे

किमान दोन आठवडे काही निष्कर्ष न काढता नोंदी जमू द्याव्यात. दिवसाचा भाग साधारणपणे गुळगुळीत कमानीसारखा असतो आणि तो दिवसागणिक फारसा बदलत नाही. रात्रीचा भाग खडबडीत, वरखाली हलणारा असतो आणि दोन रात्री कधी सारख्या नसतात. या दोहोंच्या मध्ये, सूर्योदय आणि सूर्यास्ताच्या सुमारास, आयामाचे खोल खळगे येतात. उजेड-अंधाराची सीमारेषा ओलांडताना छताची उंची बदलते, नळीतील वेगवेगळे मोड, म्हणजे नळीत मावणारे तरंगाचे वेगवेगळे आकार, एकमेकांत मिसळतात आणि काही जागी ते एकमेकांना खोडून काढतात, त्याचे हे चिन्ह असते. लांब पूर्व-पश्चिम मार्गावर असे दोन-तीन खळगे एकामागून एक मोजता येतात.

खळग्याची वेळ आणि जमिनीवरचा सूर्योदय जुळत नाही हे पाहून गोंधळू नये. ७० किलोमीटर उंचीवर सूर्य आधी पोहोचतो. केवळ भूमितीने पाहिले तर तो क्षितिजाखाली सुमारे साडेआठ अंश असतानाच तेथे ऊन पडते, म्हणजे विषुववृत्ताजवळ सूर्योदयाच्या साधारण ३४ मिनिटे आधी. शिवाय ज्याची वेळ महत्त्वाची आहे तो सूर्योदय आपल्या अंगणातला नसून वाटेतल्या एखाद्या बिंदूवरचा असतो. दोन्ही टोके आणि मध्यबिंदू यांच्या सूर्योदयाच्या वेळा काढून आलेखावर उभ्या रेषा माराव्यात. खळगे त्या रेषांभोवती कसे मांडले गेले आहेत ते दिसू लागते.

सौरज्वाला ओळखणे

दोन आठवड्यांच्या दुपारच्या आलेखांचा मध्यक घेतला की आपला शांत दिवस हाती येतो. कोणत्याही दिवसाच्या आलेखातून तो वजा करावा. ज्वालेची खूण माशाच्या पाठीवरच्या परासारखी असते: एक ते काही मिनिटांत उभा चढ आणि नंतर अर्धा तास ते दोन तास लांबणारा संथ उतार. चढ तीव्र का आणि उतार संथ का, हे एकदा समजले की फसगत होत नाही. क्ष-किरण झपाट्याने वाढतात म्हणून आयनीभवन झपाट्याने होते. ज्वाला स्वतः हळूहळू निवते आणि मोकळे झालेले इलेक्ट्रॉन पुन्हा आयनांना भेटायलाही वेळ लागतो, म्हणून उतार रेंगाळतो. काही मार्गांवर आयाम वाढण्याऐवजी घटतो आणि पर उलटा दिसतो. हे मोडच्या मिश्रणावर अवलंबून असते, त्यामुळे आपल्या मार्गाचा स्वभाव आपल्याच नोंदींतून शिकावा लागतो.

पडताळणीसाठी अमेरिकेच्या गोज या हवामान उपग्रहांनी मोजलेल्या सूर्याच्या क्ष-किरणांचा आलेख रोज खुला असतो. त्यात ज्वालांची सी, एम आणि एक्स अशी चढती वर्गवारी असते आणि प्रत्येक वर्ग आधीच्या दहापट तीव्र असतो. एम वर्गाची ज्वाला उजेडात असलेल्या मार्गावर बहुधा स्पष्ट उमटते; सी वर्गातील लहान ज्वालांसाठी चांगली जागा आणि शांत दुपार लागते. मार्ग अंधारात असताना कितीही मोठी ज्वाला झाली तरी आलेखात काही उमटत नाही.

तरीही रात्रीचा आलेख टाकून देऊ नये. २७ ऑगस्ट १९९८ रोजी एसजीआर १९००+१४ या दूरच्या ताऱ्यातून आलेल्या गॅमा किरणांच्या लोटाने पॅसिफिकवरचे रात्रीचे आयनांबर काही काळ दिवसासारखे खाली आणले आणि ते याच पट्ट्यातील नोंदींत पकडले गेले. ९ ऑक्टोबर २०२२ च्या जीआरबी २२१००९ए या गॅमा स्फोटाची खूणही या पट्ट्यातील नोंदींत सापडली. अशा प्रसंगी उपयोगी पडते ती अखंड चाललेली, तारीखवार ठेवलेली फाइल.

विजेच्या कडकडाटातून छताची उंची

केंद्रांवर अवलंबून नसलेला आणि एका संध्याकाळी पुरा होणारा एक प्रयोग मी प्रत्येकाला करायला सांगतो. रात्री, विजेच्या तारांपासून शक्य तितके दूर जाऊन, तोच लूप आणि ॲम्प्लिफायर वापरून दहा मिनिटांचे ध्वनिमुद्रण करावे. हेडफोनवर दूरच्या विजांची कडकड ऐकू येते आणि तिच्यात मधूनच एखादा 'ट्यूं' असा, ताणलेली तार छेडल्यासारखा किणकिणता स्वर येतो. त्याला ट्वीक म्हणतात. विजेचा तडाखा एका क्षणात सर्व वारंवारता निर्माण करतो, पण जमीन आणि छत यांच्या नळीत एका किमान वारंवारतेखालचे मोड पुढे सरकत नाहीत, आणि त्या मर्यादेच्या जवळच्या वारंवारता फार हळू प्रवास करतात. वर्णपटाच्या आलेखात तडाख्याची उभी रेषा खाली येताना हॉकीच्या काठीसारखी वाकते आणि १.७ किलोहर्ट्झच्या आसपास आडवी होते.

आडव्या शेपटीची वारंवारता काळजीपूर्वक वाचावी. प्रकाशाच्या वेगाला त्या वारंवारतेच्या दुपटीने भागले की छताची उंची मिळते: १.७ किलोहर्ट्झसाठी ८८ किलोमीटर, १.८ साठी ८३. तासातासाने वीसएक ट्वीक मोजून त्यांची सरासरी मांडली तर रात्रभरात छत कसे हलते याचा आलेख तयार होतो. दिवसा डी स्तर हे मोड गिळून टाकतो, म्हणून ट्वीक उजेडात सापडत नाहीत.

फेज आणि अगदी क्षीण सिग्नल

आयामाच्या नोंदींवर हात बसला की फेजकडे वळावे. छत खाली आले की तरंगाची वाट बदलते आणि फेज पुढे सरकते. ही खूण आयामापेक्षा सरळ असते, तिची दिशा मार्गागणिक उलटत नाही. अडचण घड्याळाची आहे. साउंड कार्डाचा क्रिस्टल दशलक्षात दहा भाग चुकला, जे अगदी सामान्य आहे, तर पुढे प्रक्षेपणासाठी वापरणार आहोत त्या ८.२७ किलोहर्ट्झवर ०.०८ हर्ट्झची चूक होते. ऐकायला ती नगण्य वाटते, परंतु एक तासभर सलग मोजणी केली तर वारंवारतेच्या एका घराची, म्हणजे वेगळ्या ओळखता येणाऱ्या सर्वांत अरुंद पट्टीची, रुंदी केवळ ०.०००२८ हर्ट्झ असते, म्हणजे आपण सुमारे तीनशे घरे चुकलेलो असतो. यावर उपाय म्हणून जीपीएस रिसीव्हरचा दर सेकंदाचा स्पंद क्षीण करून साउंड कार्डाच्या दुसऱ्या चॅनेलवर द्यावा आणि सॉफ्टवेअरला त्यावरून प्रत्येक नमुन्याची खरी वेळ ठरवू द्यावी.

चाचणीसाठी स्वीडनमधील ग्रिमेटनचे एसएक्यू उत्तम आहे. १९२४ मध्ये सुरू झालेले हे केंद्र १७.२ किलोहर्ट्झवर, फिरत्या अलेक्झांडरसन अल्टरनेटरच्या जोरावर, इलेक्ट्रॉन-नळीशिवाय प्रक्षेपण करते. २ जुलैच्या जवळच्या रविवारी आणि नाताळच्या आदल्या दिवशी ते परंपरेने सुरू केले जाते. त्या मोर्स संकेताची वारंवारता किंचित डोलते, आणि एवढे जड चाक फिरत असल्याचे ते डोलणे वॉटरफॉलवर प्रत्यक्ष दिसते.

स्वतः प्रक्षेपण करायचे असल्यास

आंतरराष्ट्रीय वारंवारता-वाटप ८.३ किलोहर्ट्झपासून सुरू होते आणि त्याखाली बऱ्याच हौशींनी प्रयोग केले आहेत. त्याखाली सर्व मोकळे आहे असे मात्र समजू नये. नियम देशागणिक वेगळे असतात, तेव्हा आपल्या देशाच्या परवाना देणाऱ्या यंत्रणेला लेखी विचारूनच पुढे जावे.

कामाचा आवाका आकड्यांतून पाहावा. १० मीटर उभी तार आणि तिच्या माथ्यावर ४० मीटर आडवी तार घेतली तर धारिता सुमारे ३०० पिकोफॅरड येते. ८.२७ किलोहर्ट्झवर तिला अनुनादात आणण्यासाठी १.२३ हेन्रीची कॉइल लागते. ३० सेंटीमीटर व्यासाच्या आणि १ मीटर उंचीच्या नळीवर एका थरात ती गुंडाळायची तर जवळजवळ ४,००० वेढे आणि पावणेचार किलोमीटर तार जाते, तार ०.२ मिलिमीटरची असेल तर नुसत्या तारेचा रोध २ किलोओहम होतो. ०.१ अँपिअर प्रवाह सोडला तर कॉइलमध्येच २० वॉट उष्णता होते आणि अँटेनाच्या बुडाशी ६,४०० व्होल्ट, शिखराशी ९,००० व्होल्ट उभे राहतात. एवढे करून अवकाशात जाते ती शक्ती १.२ मायक्रोवॉट.

म्हणून जाड तारेची, अनेक थरांची, पण वेगवेगळ्या कप्प्यांत विभागलेली कॉइल करावी. कप्पे यासाठी की शेजारच्या थरांमधले विभव मर्यादित राहते आणि इन्सुलेशन फुटत नाही. प्रक्षेपण चालू असताना कॉइल, तिची टोके आणि अँटेनाची तार यांना हात लावणे प्राणघातक आहे. भोवती कुंपण घालावे, एकट्याने काम करू नये आणि वीजपुरवठा तोडणारा स्विच दुसऱ्या माणसाच्या हाताशी असावा. पतंगाने तार उंचावणे परिणामकारक असते, मात्र स्वच्छ आकाशातही अशा तारेवर स्थितिक भार जमतो. तार मोठ्या रोधाने कायम जमिनीला जोडलेली ठेवावी आणि विमानमार्ग व विजेच्या तारा यांच्या आसपास हा प्रकार करूच नये.

मायक्रोवॉटची शक्ती दूरवर दिसते ती सलग मोजणीमुळे. प्रक्षेपक आणि रिसीव्हर दोन्ही जीपीएसला बांधलेले असतील तर तासन्‌तासांची ऊर्जा एकाच अरुंद घरात साठत जाते आणि गोंगाट मात्र लाखो घरांत विखुरतो. याच तत्त्वावर उभ्या असलेल्या एब्नॉट या संकेतपद्धतीने हौशींचे छोटे संदेश अटलांटिकपार पोहोचले आहेत. पहिल्या चाचणीत संदेशाच्या भानगडीत न पडता नुसती वाहक लहर पाठवावी: तीस मिनिटे चालू, तीस मिनिटे बंद, ठरलेल्या यूटीसी वेळापत्रकाने. पहिली नोंद एक किलोमीटरवर घ्यावी, पण तिला तरंगप्रसार म्हणू नये. ८.२७ किलोहर्ट्झची तरंगलांबी ३६ किलोमीटर असल्याने ५.८ किलोमीटरच्या आत निकट क्षेत्राचे, म्हणजे अँटेनाभोवतीच राहणाऱ्या क्षेत्राचे, राज्य असते आणि सिग्नल अंतराच्या घनाने घटतो. पुढे १०, मग २०, मग ५० किलोमीटरवर तोच लूप, तोच ॲम्प्लिफायर आणि तेच वेळापत्रक घेऊन जावे. रिसीव्हरच्या फाइलमधील ती बारीक रेषा फक्त चालू असलेल्या अर्ध्या तासांत उमटते आणि बंद अर्ध्या तासांत नाहीशी होते का, हे पाहावे. सलग चार फेऱ्यांत असे झाले तरच वहीत अंतर लिहावे.